राहुल बजाज: खासदारकी चार वर्षांची, राजकारण आयुष्यभराचं

बजाज ऑटोचे राहुल बजाज राज्यसभेत गेले खरे, पण तिथे जाऊन त्यांनी काय केलं? हा प्रश्न पुण्यात इतक्यांदा कानावर येतो की एकदा सविस्तर उत्तर द्यावंसं वाटलं. विचारणाऱ्याचा सूर ठरलेला असतो: उद्योगपती राजकारणात शोभेपुरते जातात, नाव मिरवतात आणि परत येतात. इतरांचं काय ते असो. बजाजांबद्दल हे म्हणणं मला पटत नाही, कारण त्यांचं राजकारण आपण भलत्याच ठिकाणी शोधतो.

खासदारकीचा भाग आधी उरकून घेतो. मे २००६ मध्ये प्रमोद महाजन गेले आणि त्यांची राज्यसभेची जागा रिकामी झाली. जूनमध्ये पोटनिवडणूक लागली. बजाज अपक्ष म्हणून उभे राहिले. भाजप, शिवसेना आणि राष्ट्रवादी, म्हणजे एरवी एकमेकांविरुद्ध लढणाऱ्या पक्षांनी त्यांना पाठिंबा दिला आणि काँग्रेसचे अविनाश पांडे हरले. जुलै २०१० ला मुदत संपली. ज्यांचे आजोबा वर्षानुवर्षं काँग्रेसचे खजिनदार आणि वडील काँग्रेसचे खासदार, ते काँग्रेसच्याच उमेदवाराला हरवून संसदेत गेले.

यात मला एक गोष्ट खटकते. वडील कमलनयन बजाज वर्ध्यातून लोकसभेवर तीनदा निवडून गेले होते, १९५७, १९६२ आणि १९६७ ला. गावोगाव फिरून, लोकांसमोर हात जोडून. नवल टाटा १९७१ ला दक्षिण मुंबईतून अपक्ष लढले आणि पडले. नंदन निलेकणी २०१४ ला दक्षिण बंगळुरूत पडले. पडले, पण मतदारापुढे गेले. राहुल बजाजांनी आमदारांच्या मतांची वाट धरली. २००९ ला मावळ मतदारसंघ नव्याने झाला, त्यात पिंपरी आणि चिंचवड आले. ज्या भागात घरटी एक माणूस बजाजच्या नाहीतर बजाजला माल देणाऱ्या कारखान्यात होता, तिथे हा माणूस मतं मागायला उतरला असता तर काय झालं असतं, हा विचार माझ्या मनात अजून येतो. कदाचित हरले असते. पण उद्योग करणाऱ्याने लोकांच्या दारात जाऊन कौल मागायचा असतो, हे इथल्या पोरांना डोळ्यांनी दिसलं असतं.

तर राज्यसभेतल्या चार वर्षांवरून त्यांना मोजू नका. मी त्यांना मोजतो ते ३० नोव्हेंबर २०१९ च्या संध्याकाळवरून. मुंबईत इकॉनॉमिक टाइम्सचा पुरस्कार सोहळा. व्यासपीठावर गृहमंत्री अमित शहा, अर्थमंत्री निर्मला सीतारामन आणि पीयूष गोयल. समोर देशातले बडे उद्योगपती. एक्याऐंशी वर्षांचे बजाज उभे राहिले. माझं राहुल हे नाव जवाहरलालजींनी ठेवलंय, तुम्हाला ते आवडणार नाही, अशी सुरुवात त्यांनी केली. मग मुद्द्यावर आले. यूपीए-२ च्या, म्हणजे काँग्रेसच्या मनमोहन सिंग सरकारच्या काळात आम्ही कुणावरही टीका करू शकत होतो. तुम्ही चांगलं काम करताय, पण उघड टीका केली तर ती तुम्ही मनावर न घेता ऐकाल असा भरवसा आम्हाला वाटत नाही. माझे उद्योगपती मित्र हे बोलणार नाहीत, मी उघडपणे बोलतो. मी चुकीचाही असेन, हेही ते म्हणाले. गांधींच्या मारेकऱ्याला देशभक्त म्हणणाऱ्या खासदाराचा विषयही त्यांनी तिथेच काढला.

शहांनी उत्तर दिलं, आणि ते उत्तरही नीट ऐकण्यासारखं होतं. कुणी घाबरायचं कारण नाही, पण तुम्ही म्हणता तसं वातावरण असेल तर ते सुधारायचा प्रयत्न आम्हाला करावा लागेल, असा त्याचा आशय. दुसऱ्या दिवशी अर्थमंत्र्यांनी नाराजी व्यक्त केली, समाजमाध्यमांवर दोन तट पडले आणि बजाज काँग्रेसचे की भाजपचे यावर लोक भांडत बसले. माझ्या मते तो वाद निरर्थक होता. ज्या पक्षाच्या पाठिंब्यावर राज्यसभेत गेले त्याच पक्षाच्या मंत्र्यांना ते तोंडावर सुनावत होते, आणि ज्या पक्षाच्या उमेदवाराला त्यांनी पाडलं त्या पक्षाच्या राजवटीचा दाखला देऊन सुनावत होते. त्या व्हिडिओत माझं लक्ष सभागृहाकडे जातं. इतकी मोठी माणसं बसलेली, आणि बोलायला उठला तो सगळ्यात वयस्करांपैकी एक.

हे एका संध्याकाळपुरतं नव्हतं. त्याच वर्षी जुलैत कंपनीच्या वार्षिक सभेत भागधारकांसमोर त्यांनी विचारलं होतं, मागणी नाही, खासगी गुंतवणूक नाही, मग विकास काय आभाळातून पडणार आहे का? तेव्हा वाहन उद्योग मंदीत होता. इकडे भोसरी-चाकणमध्ये दुसरी पाळी बंद झाली होती, कंत्राटी पोरं गावाकडे परतत होती. आम्ही सगळे ते बघत होतो. उद्योगांच्या संघटना मात्र पत्रकं काढत होत्या की ही तात्पुरती अडचण आहे.

एवढं बोलण्याचं बळ कुठून आलं? घराण्यातून, असं सरसकट उत्तर मिळतं. ते अर्धं खरं आहे. आजोबा जमनालाल बजाज गांधीजींचे पाचवे पुत्र म्हणवले जायचे. इंग्रजांनी दिलेली रायबहादूर पदवी त्यांनी परत केली, नागपूरच्या झेंडा सत्याग्रहात तुरुंग भोगला, १९२८ ला वर्ध्याचं लक्ष्मीनारायण मंदिर दलितांना खुलं केलं. सेवाग्रामची जमीन त्यांची. ११ फेब्रुवारी १९४२ ला ते गेले. नातू ८० वर्षांनी, १२ फेब्रुवारी २०२२ ला पुण्यात गेला.

पण वारसा सांगणारी घराणी या देशात पुष्कळ आहेत, आणि त्यातली बहुतेक गप्प असतात. बजाजांच्या घरात आणखी एक गोष्ट घडली होती. आणीबाणी. मे १९७६ मध्ये बजाज समूहावर देशभर एकाच वेळी प्राप्तिकराचे छापे पडले, शंभराहून जास्त ठिकाणी. राहुल यांचे काका रामकृष्ण बजाज तेव्हा समूहाचे प्रमुख होते. दिल्लीतलं विश्व युवक केंद्र संजय गांधींच्या माणसांच्या ताब्यात द्यायला त्यांनी नकार दिला होता. कमलनयनजीही १९६९ च्या काँग्रेस फुटीत इंदिरा गांधींबरोबर गेले नव्हते. ज्या पक्षासाठी घरातली माणसं तुरुंगात गेली त्याच पक्षाचं सरकार घरात अधिकारी घुसवतं, हे राहुल बजाजांनी अडतीशीत पाहिलं. त्याच सुमारास बजाजांचे मुकुंद कंपनीतले भागीदार वीरेन शहा बडोदा डायनामाइट खटल्यात, म्हणजे आणीबाणीविरोधात स्फोटांचा कट केल्याच्या खटल्यात, जॉर्ज फर्नांडिसांसोबत आरोपी होते. पुढे ते बंगालचे राज्यपाल झाले, तो वेगळा विषय. सांगायचं ते इतकंच की सत्तेची भीती म्हणजे काय, हे त्यांना कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. तिची किंमत किती असते आणि ती देऊनही कारखाना चालतो, हे दोन्ही त्यांना ठाऊक होतं.

कारखाना चालतो हा भाग मला जास्त महत्त्वाचा वाटतो.

हार्वर्डहून एमबीए करून ते १९६५ ला बजाज ऑटोत आले आणि १९६८ ला, तिशीत, कंपनीची सूत्रं त्यांच्याकडे आली. मुंबईत बंगला घेऊन आठवड्यातून एकदा चक्कर मारायची सोय होती. ते पुण्याजवळ आकुर्डीत राहायला आले, कारखान्याला लागून असलेल्या वसाहतीत. पत्नी रूपाताई मराठी घरातल्या. १९६१ चा तो प्रेमविवाह, मारवाडी उद्योजक घराण्यात तेव्हा न घडणारी गोष्ट. मुलं आकुर्डीच्याच शाळेत शिकली, कामगारांच्या मुलांबरोबर. मुलगा राजीव पुढे पुण्याच्या सीओईपी इंजिनिअरिंग कॉलेजला गेला. तेव्हाचं आकुर्डी म्हणजे जुन्या महामार्गाच्या कडेला माळरान आणि भोंग्याचा आवाज. मालकाचं घर भोंगा ऐकू येईल इतक्या अंतरावर असणं आणि मुंबईच्या मलबार हिलवर असणं, यात फरक पडतो. शॉप फ्लोअरवर काय बिघडलंय ते मालकाला अहवालातून कळत नाही, जाता-येता कळतं.

मग तो स्कूटरचा काळ. १९७१ ला इटलीच्या पियाज्जिओ कंपनीबरोबरचा करार संपला आणि १९७२ ला चेतक आली. नव्या पिढीला सांगूनही खरं वाटत नाही, पण स्कूटरसाठी लोक दहा-दहा वर्षं थांबायचे. मुलीच्या जन्माला बुकिंग केलं तर तिच्या शाळेत गाडी येईल, असा हिशेब. नंबर लागलेलं पत्र लोक वर पैसे घेऊन विकायचे. साताऱ्यात महाराष्ट्र स्कूटर्सची प्रिया तयार व्हायची तिलाही रांग. आणि इतकी मागणी असताना कारखान्याने किती स्कूटर बनवायच्या हे दिल्ली ठरवायची. परवान्यापेक्षा जास्त उत्पादन केलं तर गुन्हा! त्यावर बजाज म्हणायचे की आजोबा देशासाठी तुरुंगात गेले, मी जास्त स्कूटर बनवल्या म्हणून जायला तयार आहे. हे त्यांनी एका पक्षाची सत्ता अढळ असताना म्हटलेलं आहे.

इथे कुणीतरी हमखास म्हणेल की त्या परवान्याच्या राज्याचा सगळ्यात मोठा फायदा बजाजांनाच झाला. बरोबर आहे. स्पर्धा नव्हती, ग्राहक रांगेत उभा होता, पैसे आगाऊ जमा होत होते. १९८४-८५ ला कायनेटिक होंडा आणि हिरो होंडा आल्या तेव्हा ग्राहकाला बटन स्टार्ट आणि मायलेज म्हणजे काय ते कळलं. चेतक चालू करायला ती आधी एका बाजूला वाकवायची आणि मग किका मारत बसायचं, हे पुण्यातल्या प्रत्येक घराने थंडीच्या सकाळी केलेलं काम आहे. एवढी वर्षं ती गाडी फारशी न बदलता विकली गेली, हे बजाजांच्या कारकिर्दीतलं उणं आहे आणि ते मांडलंच पाहिजे.

१९९३ च्या बॉम्बे क्लबबद्दलही माझं मत असंच मिश्र आहे. उदारीकरणानंतर परदेशी कंपन्यांसाठी दारं उघडली तेव्हा काही उद्योगपतींनी एकत्र येऊन सरकारकडे समान संधी मागितली. त्याचा चेहरा राहुल बजाज झाले आणि देशभर त्यांच्यावर प्रगतीला घाबरणारे अशी टीका झाली. मी छोटा उद्योजक आहे, भोसरीत माझी शेड आहे, म्हणून त्या मागणीकडे मी वेगळ्या नजरेने बघतो. तुमच्या प्रतिस्पर्ध्याला त्याच्या देशात स्वस्त कर्ज मिळतं, तुम्ही त्याच्या कितीतरी पट व्याज भरता, चोवीस तास वीज त्याला आहे, तुम्हाला नाही, आणि मग सांगायचं की स्पर्धा करा. यात काहीतरी चुकतंय हे म्हणणं रडगाणं नव्हतं. पण मागणीला संरक्षणाचा वास होता हेही खरं, आणि ग्राहक म्हणून मी ती मान्य केली नसती. मला भावतं ते पुढचं. सरकारने ऐकलं नाही. मग हे लोक हात चोळत बसले नाहीत. १९९९ ला चाकणचा कारखाना, २००१ ला पल्सर. जपानी कंपनीच्या नावाशिवाय, इथल्या इंजिनिअरांनी उभी केलेली मोटरसायकल. पल्सर आली तेव्हा आमच्यासारख्या छोट्या शेडमधल्या लोकांना पहिल्यांदा कळलं की ड्रॉइंगवरची टॉलरन्स, म्हणजे मापात चालणारा फरक, ही नुसती रेघ नसते. माल परत यायला लागला, आणि आम्ही शिकलो.

आणि स्कूटर बंद करण्याचा प्रसंग. २००५ ला कंपनीची सूत्रं राजीवकडे गेली होती. २००९ ला त्यांनी स्कूटर पूर्ण थांबवायचं ठरवलं. वडिलांनी जाहीरपणे सांगितलं की मला वाईट वाटतं, मला हे पटलेलं नाही. ते अध्यक्ष होते, मनात आणलं असतं तर अडवू शकले असते. त्यांनी नाराजी सगळ्यांसमोर बोलून दाखवली आणि निर्णय मुलाचा राहू दिला. त्यांना एकाधिकारशाही वृत्तीचे म्हणणाऱ्यांनी ही गोष्ट जरूर आठवावी. मंत्र्यासमोर बोलणं जितकं अवघड, तितकंच आपल्या विरोधातला निर्णय आपल्याच घरात होऊ देणं अवघड आहे. आपल्या राजकारण्यांना यातलं दुसरं तर अजिबात जमत नाही.

आता मी हे सगळं आज का लिहितोय.

मध्यंतरी आमच्या औद्योगिक पट्ट्यातल्या अडचणी ऐकायला एक बैठक बोलावली होती. कुणाची, ते महत्त्वाचं नाही. हॉलमध्ये समोर मोठी मंडळी, आम्ही शे-दीडशे छोटे कारखानदार. आमची मुख्य अडचण वीज. व्हीएमसीवर, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या कटिंग मशीनवर, जॉब (घडवायचा सुटा भाग) लागलेला असतो, कटिंग चालू असतं आणि दोन सेकंदांसाठी वीज जाते. दोनच सेकंद. पण तेवढ्यात स्पिंडल थांबतो, टूल जॉबमध्ये रुततं, इन्सर्टचा, म्हणजे टूलच्या कापणाऱ्या टोकाचा, तुकडा पडतो. वीज आल्यावर मशीन पुन्हा रेफरन्सला, म्हणजे मूळ जागेवर न्यायचं, टूल बदलायचं, आणि तो जॉब बहुतेक वेळा भंगारात टाकायचा. कास्टिंग गिऱ्हाइकाचं असेल तर त्याचे पैसे आमच्या बिलातून वजा होतात. जनरेटर लावला तर डिझेल परवडत नाही. ही गोष्ट त्या हॉलमधल्या प्रत्येकाच्या शेडमध्ये घडते. शिवाय रस्ता: पावसाळ्यात माल भरलेला टेम्पो खड्ड्यात आडवा होतो.

माइक फिरला. एकाने आभार मानले. दुसऱ्याने साहेबांच्या कार्यशैलीचं कौतुक केलं. तिसऱ्याने सत्काराची तारीख मागितली. विजेबद्दल एक माणूस बोलला, तेही अशा भाषेत की ऐकणाऱ्याला वाटावं अडचण सुटलीच आहे. बैठक संपली, आम्ही बाहेर चहाला उभे राहिलो आणि तिथे मात्र सगळ्यांच्या जिभा सैल झाल्या. शिव्या, संताप, नोटिशींचे किस्से. हॉलमध्ये का नाही बोलला, असं मी एकाला विचारलं. तो म्हणाला, "उद्या माझ्याच शेडवर तपासणी आली तर तू येणार आहेस का?"

त्याला दोष द्यायची माझी तयारी नाही. त्याच्याकडे बारा माणसं कामाला आहेत, बँकेचा हप्ता आहे. त्याची भीती खरी आहे. म्हणूनच "बजाजांकडे पैसा होता म्हणून ते बोलू शकले" हा युक्तिवाद मी गंभीरपणे घेतो. पैसा होता, यात शंका नाही. त्याहून महत्त्वाचं म्हणजे त्यांच्या कंपनीवर कर्जाचा बोजा नव्हता, तिजोरीत भरपूर रोकड होती, कुठल्या बँकेच्या किंवा मंत्रालयाच्या दयेवर ती चालत नव्हती. बोलण्याचं स्वातंत्र्य ताळेबंदातून येतं, हे उद्योग करणाऱ्याला लगेच समजेल. पण मग त्या संध्याकाळी त्या सभागृहात बसलेल्यांचं काय? त्यांच्यापैकी कितीतरी जणांकडे बजाजांपेक्षा जास्त पैसा होता. पैसा असूनही जे गप्प बसतात त्यांच्यामुळे भोसरीतला बारा माणसांचा मालक गप्प बसतो. तो वर बघतो. मोठा बोलत नाही, तर मी कोण?

राजकारणात शिरणाऱ्या उद्योजकांकडून माझी अपेक्षा एवढीच आहे. पिंपरी-चिंचवडमध्ये, हवेलीत, मुळशीत आज कितीतरी कारखानदार, बिल्डर, शिक्षणसम्राट निवडणुका लढतात. लढावं, जरूर लढावं. पण बहुतेकांचा राजकारणात जाण्याचा हेतू धंद्याला कवच मिळावं हा असतो. कुठला पक्ष सत्तेत येईल ते बघून झेंडा बदलतो. बजाजांच्या बाबतीत उलट होतं. धंदा इतका भक्कम केला की राजकारणातल्या कुणाचं कवच लागलं नाही. आणि मग जे वाटलं ते नेहरू-गांधींच्या पक्षालाही ऐकवलं, मोदींच्या सरकारलाही ऐकवलं, स्वतःच्या मुलालाही ऐकवलं. प्रत्येक वेळी ते बरोबर होते असं मी म्हणत नाही. बॉम्बे क्लबच्या वेळी मी त्यांच्याबरोबर अर्धाच आहे. पण त्यांचं मत काय आहे हे समोरच्याला त्यांच्याच तोंडून कळायचं.

१३ फेब्रुवारी २०२२ ला पुण्याच्या वैकुंठ स्मशानभूमीत शासकीय इतमामात त्यांच्यावर अंत्यसंस्कार झाले. सगळ्या पक्षांचे नेते श्रद्धांजली वाहताना त्यांच्या स्पष्टवक्तेपणाचं कौतुक करत होते. मला ते ऐकून राग आला होता, आजही येतो. जिवंतपणी त्या स्पष्टवक्तेपणाचं काय केलंत?

असो. आमची पुढची बैठक येतेय. विजेच्या खंडांची नोंद मी तारीख-वेळेसह ठेवायला सुरुवात केली आहे, भंगारात गेलेल्या जॉबचे फोटोही आहेत. हे सगळं मी लेखी देणार आणि माइक मिळाला तर वाचून दाखवणार आहे. एकट्याचं निवेदन बाजूला ठेवता येतं, पन्नास सह्यांचं ठेवायला अवघड जातं. भोसरी, पिंपरी, चाकणमधल्या ज्या मित्रांना सही करायची आहे त्यांनी गुरुवारी सुट्टीच्या दिवशी सकाळी दहानंतर माझ्या शेडवर या. कंपनीचा शिक्का सोबत आणा. ज्यांना नाव द्यायची भीती वाटते त्यांनी नुसत्या आपल्या नोंदी आणून दिल्या तरी चालेल, मी त्या माझ्या नावाने जोडेन.